खिळे काढा, मग बोला

फोटोला चौकट करणाऱ्या माणसाला तिसरा हात लागतो. एका हातात हातोडी, दुसऱ्या हाताने लाकडी पट्टी दाबून धरलेली, मग खिळे कोणी धरायचे? तर ते तोंडाने. आमचा हा फ्रेमवाला बारीक खिळ्यांची चिमूट ओठांत ओळीने धरायचा आणि जिभेने एकेक पुढे सरकवायचा. बघणारा दोन पावलं मागे सरायचा, याला काही नाही. उभ्या जन्मात आपण एकही खिळा गिळला नाही, हे तो गिऱ्हाइकांना न विचारता सांगायचा. अर्थात आधी तोंडातले खिळे काढून.

खिळ्यांचा दुसरा उपयोग फक्त त्याच्या बायकोला माहीत होता. तिला ऐकू येत नसे. जन्मापासून नव्हे. लेक शाळेत जायला लागली त्या सुमारास तिला एक ताप आला, आणि तो गेला तो तिचे दोन्ही कान घेऊनच. कानाची यंत्रं लावून पाहिली, त्यांतून नुसता खडखडाट यायचा, म्हणून यंत्रं कपाटात गेली. ती बोलायची छान, कधीतरी आवाज जरा चढायचा एवढंच, आणि समोरच्याचं बोलणं ओठांवरून वाचायची. समोरच्याचं म्हणजे मुख्यतः नवऱ्याचं. बाकीची माणसं पुटपुटतात, मान फिरवतात, ऐन मुद्द्यावर नाक खाजवायला तोंडासमोर हात नेतात. त्यांचं तिला अर्धंमुर्धं कळे. नवऱ्याचं मात्र खोलीच्या त्या टोकाहून, आरशातून, इतकंच काय त्याच्या तोंडात घास असतानासुद्धा कळे. त्यामुळे भाजीवाल्याचा भाव असो, शेजारणीचं गाऱ्हाणं असो, टीव्हीवरची बातमी असो, जगाचं बोलणं आधी त्याच्याकडे यायचं आणि त्याच्या ओठांवरून तिच्याकडे जायचं.

तोंडात खिळे असले की ओठ मिटलेले, म्हणजे वाचायला काही नाही. अडचणीचा प्रश्न आला की फ्रेमवाला हळूच वाटीत हात घालायचा, खिळे ओठांत धरायचा आणि कामावर वाकायचा. बायको कमरेवर हात ठेवून उभी.

"खिळे काढा, मग बोला," ती म्हणायची.

तो ठोकत राहायचा. मूग गिळून बसणारे नवरे पुष्कळ असतात, हा खिळे धरून बसायचा, एवढाच फरक.

आणि हेही सांगून टाकलं पाहिजे, की जगाचं बोलणं तिच्यापर्यंत नेताना तो थोडी छाटाछाट करायचा. वाईट हेतूने नाही हो. फोटोचा कोपरा फाटलेला असला, कडेला डाग असला, की फ्रेमवाले चौकटीच्या आत जाड कागदाचा माउंट लावतात. डाग आत दडपला जातो, चेहरा तेवढा दिसतो, गिऱ्हाईक खूश. बोलण्याचंही त्याने तेच केलं. नणंद म्हणाली, "हिला काय, हाक मारली तरी ढिम्म," तर हा सांगायचा, "ताई विचारतेय, तब्येत कशी आहे." त्यात त्याला पाप वाटलं नाही. उलट आपण संसार सांभाळतो आहोत असंच वाटायचं.

मग त्याची डावीकडची खालची दाढ सुजली.

डॉक्टरीण तरुण होती, त्याच्या लेकीएवढी असेल नसेल. जबड्याच्या शस्त्रक्रिया हेच तिचं काम. तोंडाला मास्क, पण डोळ्यांवरून माणूस चांगला वाटत होता. तिने एक्स-रे पडद्यावर लावला आणि पेनाच्या टोकाने दाखवायला सुरुवात केली. बायको दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. मास्कवर वाचण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"काका, ही तुमची अक्कलदाढ. आत आडवी झोपलीय. तिच्याभोवती ही काळी सावली दिसते ना, ती गाठ. साधी गाठ आहे, भलतीसलती नाही, ते आपण तपासून घेतलंय. पण ती हाड आतून पोखरतेय. अशीच ठेवली तर एखाद्या दिवशी साधा घास चावताना जबडा मोडेल. म्हणून दाढ आणि गाठ दोन्ही काढायची."

"काढून टाका," फ्रेमवाला म्हणाला.

"थांबा, पुढे ऐका. या दोन पांढऱ्या रेघा दिसतात ना, त्यांच्या मधून एक नस जाते. तुमच्या दाढेची मुळं अगदी तिला टेकलीत. काढताना नस दुखावली तर डावीकडचा खालचा ओठ आणि हनुवटी सुन्न राहू शकते. बहुतेकांची काही महिन्यांत पूर्ववत होते. काहींची कायमची राहते."

खालचा ओठ, या शब्दांपाशी फ्रेमवाल्याचे कान थांबले. पुढे डॉक्टरीण सूज, रक्तस्राव, पातळ खाणं, औषधं असं बरंच आणि फार व्यवस्थित बोलली. त्याच्या कानांवर ते नुसतं पडत होतं. ओठ गेला, तर मग सगळंच गेलं, एवढं एकच वाक्य त्याच्या डोक्यात घुमत होतं.

"कळलं ना काका? काही शंका?"

"छे, शंका कसली."

डॉक्टरसमोर आपण सगळे असंच म्हणतो. कळलेलं असतं म्हणून नाही. समोर इतकं शिकलेलं माणूस इतक्या आपुलकीने सांगत असतं, बाहेर बाकावर चार माणसं गाल धरून खोळंबलेली असतात, मग आपणच मठ्ठ आहोत हे कशाला दाखवा? फ्रेमवाल्याने मान डोलावली. डॉक्टरणीने संमतीचा कागद पुढे सरकवला. त्याच्या लेखी सही म्हणजे हमी. आता जे होईल त्याला आपण जबाबदार, पुढे बोलायची सोय नाही, असाच त्याचा समज झाला. त्याने सही ठोकली, तीही सुरेख.

"काय म्हणतायत?" बायकोने विचारलं.

"दाढ काढायची. थोडे दिवस सूज राहील."

"बास? एवढा वेळ तर बोलत होत्या."

"शिकलेली माणसं घोळवून सांगतात गं," तो म्हणाला. छाटाछाट करायची सवयच होती, पण या वेळी कात्री नेहमीपेक्षा खोल गेली होती आणि त्याचं त्यालाही ते जाणवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको घरी गेल्यावर त्याने दुकान अर्धं ओढून घेतलं. चौकटीसाठी आलेला एक मोठा आरसा भिंतीला टेकवलेला होता. फ्रेमवाल्याने चिकटपट्टीचा तुकडा कापला, खालच्या ओठाच्या डाव्या बाजूवर घट्ट बसवला आणि आरशासमोर उभा राहिला. "चहा टाक," तो म्हणाला. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी. "दार लाव. पाणी गेलंय. रागावू नकोस." आरशातला माणूस एका बाजूने तोंड वेडंवाकडं करत होता. काय बोलतोय ते त्याचं त्यालाच कळेना. बायकोला काय डोंबल कळणार?

चिकटपट्टी काढताना कोपऱ्यावर उतरलेल्या मिशीचे चार केस उपटून आले आणि डोळ्यांत पाणी आलं. पाणी मिशीमुळेच आलं, असं त्याने स्वतःला सांगितलं.

लिहून दाखवता येतं की, असं कोणीही म्हणेल. लेकीने आईच्या फोनवर ती सोय कधीच करून दिली होती, आणि कामाच्या गोष्टी त्यावर चालायच्याही. पण चहात साखर जास्त झाली हे कोण टाइप करणार? समोरून जाणाऱ्या माणसाच्या विगबद्दल बायकोच्या कानात, म्हणजे डोळ्यांत, काहीतरी फालतू बोलायचं असतं, ते कोण टाइप करणार? संसार असल्याच बोलण्यावर चालतो. ते बंद झालं तर ती त्या घरात एकटी पडणार होती. त्याच्या शेजारी बसून एकटी. त्याला जबडा मोडण्याची भीती वाटत नव्हती, या एका गोष्टीची वाटत होती.

तेव्हा ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्याने बायकोला सांगितलं, की डॉक्टरीण बाहेरगावी गेली, तारीख पुढे ढकलली. दवाखान्यातून फोन आला तो त्याने भिंतीकडे तोंड करून घेतला आणि नंतर "काचवाला होता" म्हणून सांगितलं. घरातला फोन घेणारा एकटा हाच, तेव्हा थापा पचायला काही अडचण नव्हती. दुसरी तारीखही अशीच गेली. गाल मात्र थापा ऐकेना. तो सुजायचा, उतरायचा, पुन्हा सुजायचा. फ्रेमवाला उजवीकडून चावायला लागला, मग चावायचंच कमी केलं.

शेवटी दवाखान्याने लेकीला फोन लावला. ती ऑफिस सुटल्यावर घरी न जाता तडक दुकानात आली. आई तिथेच काचा पुसत बसली होती. लेकीने आईसमोर उजेडात उभं राहून, एकेक शब्द नीट सोडवत सांगितलं, "बाबा दोनदा गेलेच नाहीत. डॉक्टर वाट बघत बसल्या."

बायकोने काच खाली ठेवली. "डॉक्टर बाहेरगावी होत्या ना?"

"कुठल्या बाहेरगावी? घाबरलेत बाबा. काय हो बाबा, लहान मूल आहात का? मी दुधाचे दात पडताना एवढं नाटक केलं नव्हतं."

फ्रेमवाल्याचा हात वाटीत गेला. चिमूटभर खिळे ओठांत, मान खाली, हातोडी सुरू. पट्टीला आणखी खिळ्यांची गरज नव्हती तरी त्याने दोन ठोकले.

"खिळे काढा," बायको म्हणाली. आवाज चढला होता, रस्त्यावरच्या माणसाने वळून पाहिलं.

त्याने एकेक काढला, वेळ काढत. "भीती वाटते," तो म्हणाला.

"कशाची? दुखायची?"

यावर त्याने काढलेले खिळे परत ओठांत धरले. बायकोने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि हात पुसून चप्पल घातली. "उठा. तुम्ही नाही सांगत ना, मग मी त्यांनाच विचारते."

दवाखान्यात शिरल्या शिरल्या ती डॉक्टरणीला म्हणाली, "मास्क काढाल का? मला ऐकू येत नाही. तुमचं तोंड दिसलं तर थोडं कळेल."

डॉक्टरणीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा फ्रेमवाल्याकडे. मग तिच्या ध्यानात आलं असावं, की मागच्या वेळी ही बाई इतका वेळ समोर बसली होती आणि आपण तिच्याशी अवाक्षर बोललो नाही. "काकू, माझं चुकलंच," ती म्हणाली. तिने खिडकी उघडली, खुर्ची उजेडात ओढली, मास्क उतरवला. तिचे पुढचे दोन दात किंचित तिरपे होते. दाताच्या डॉक्टरणीचे असे दात बघून बायकोला उगीचच बरं वाटलं.

मग तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं, सावकाश. दाढ, गाठ, पोखरलेलं हाड. बायको वाचत होती, एखादा शब्द निसटला की नवऱ्याकडे बघत होती, तो पुरवत होता. बोलणं त्या नसेपर्यंत आलं.

"ओठ?" बायको म्हणाली. "ओठ म्हणालात तुम्ही?" ती नवऱ्याकडे वळली. "हे मला नाही सांगितलंत."

त्याचा हात सवयीने टेबलावर फिरला. इथे वाटी नव्हती.

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. "काका, मी मागे सगळं सांगितलं आणि तुम्ही हो म्हणालात. आज उलटं करू. तुम्ही मला सांगा, तुमच्या शब्दांत. ओठाचं काय होईल म्हणाले मी?"

"मरेल," फ्रेमवाला म्हणाला. "एका बाजूने लुळा पडेल. लोंबेल. बोलताना हलणार नाही." आता तोंड उघडलंच होतं तर त्याला थांबवेना. "बाई, हिला माझं तोंड वाचून कळतं. दुसऱ्या कोणाचं असं कळत नाही. तुमचं काम चोख असेल, गाठ निघेल, हाड वाचेल. पण मग हिच्याशी बोलणार कोण? म्हणून नाही आलो. सही केली होती, तरी नाही आलो. त्याला काय दंड असेल तो करा."

हे सगळं तो डॉक्टरणीला सांगत होता, पण बायको बाजूने बघत होती आणि तिला एकही शब्द चुकला नाही. तिने चटकन पर्स उघडून त्यात काहीतरी शोधायला सुरुवात केली. काही शोधायचं नव्हतं.

डॉक्टरणीने खुर्ची आणखी पुढे घेतली. "दंड कसला काका," ती मग म्हणाली. "सही केली तरी ऑपरेशनच्या दारातून परत जायचा तुम्हाला हक्क आहे. तो कागद तुम्हाला बांधून ठेवायला नसतो. आणि ओठ लुळा नाही पडणार. हे मी बोललेच नाही, कारण तुम्हाला असं वाटेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही." तिने स्वतःच्या गालावरून बोट फिरवलं. "ओठ हलवणारी नस वेगळी. ती इकडून, कानाखालून येते. तिच्या वाटेला मी जाणार नाही. ही दाढेखालची नस फक्त खबर आणते, गरम आहे, गार आहे, काही लागलं, कोणी हात लावला. ती बंद पडली तर ओठ हलेल, पण हललेला तुम्हाला जाणवणार नाही."

फ्रेमवाल्याचा चेहरा काही सुटला नाही. हलेल आणि जाणवणार नाही, हे त्याच्या गळी उतरेना. आपल्याच घरात कोणी वावरतंय आणि आपल्याला पत्ता नाही, असं कसं होईल?

बायकोने मात्र पर्स बंद केली. "अहो," ती म्हणाली, "मागे त्या दुसऱ्या दाढेत सिमेंट भरून आलात तेव्हा इंजेक्शनने ओठ असाच सुन्न होता ना? चहा शर्टवर सांडत होतात."

"मग?"

"त्या संध्याकाळी तुम्ही त्या डॉक्टरला शिव्या देत घरभर फिरत होतात. मला सगळ्या कळल्या. दोन तर नव्या होत्या."

डॉक्टरीण हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, ते तिने मास्कनेच पुसले. फ्रेमवाला बायकोकडे बघतच राहिला. पुरावा त्याच्या स्वतःच्या तोंडात होता, आणि तो आरशापुढे चिकटपट्टी लावून बसला होता. त्याला हसू येईना आणि रडूही येईना. इतके दिवस छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी सहज उचलून बाजूला ठेवला होता.

"आणि खिळे?" बायकोने विचारलं.

"कसले खिळे?"

बायकोने सांगितलं. डॉक्टरीण खुर्चीत सरळ झाली. "तोंडात? रोज? काका, हे तुम्ही मला सांगायला हवं होतं. नाही, मी विचारायला हवं होतं. नस दुखावली तर खिळे बंद. कुठला खिळा कुठे आहे कळणारच नाही, गिळून बसाल."

"कायमचे बंद?"

"नस परत आली नाही तर कायमचे."

बायकोने हे दोनदा वाचलं, म्हणजे डॉक्टरणीला पुन्हा म्हणायला लावलं. मग ती खुर्चीत मागे टेकून बसली. "चालेल," ती म्हणाली. "माझी काही हरकत नाही."

"तुझी नसेल," फ्रेमवाला म्हणाला.

आणि गंमत बघा, मघापर्यंत ओठासाठी जीव टाकणारा माणूस आता खरा विचारात पडला. त्याने प्रश्न विचारले, एकामागून एक. गरम चहाने भाजलं तर कळेल का? दाढी करताना कापलं तर? खिळे हाताने घ्यायचे म्हटलं तर काम निम्म्यावर येईल, त्याचं काय करायचं? शेवटचं तुमचं तुम्हालाच शोधावं लागेल, असं डॉक्टरणीने सरळ सांगितलं. निघताना तिने जुना कागद फाडला आणि कोरा त्याच्या हातात दिला. "घरी न्या. घाई नाही, पण फार उशीरही नको. त्या हाडाचा मला भरवसा नाही."

वाटेत बायको चार पावलं पुढे चालत होती. चौकात ती थांबली आणि त्याला दिव्याच्या खांबापाशी वळवून उभं केलं.

"ओठाचं तुम्ही कापलंत. आणखी काय काय कापलंय आजवर?"

"काही नाही गं. बारीकसारीक."

"आई शेवटी काय म्हणाल्या होत्या मला?"

आई म्हणजे त्याची आई. शेवटचं आजारपण तिने याच घरात काढलं. तिचं हगणंमुतणं, अंग पुसणं, भरवणं, सगळं या बायकोने केलं. जाण्याच्या आदल्या दिवशी म्हातारी तिच्याकडे बघून मुलाला काहीतरी म्हणाली होती, आणि मुलाने ते बायकोपर्यंत पोहोचवलं होतं. आई म्हणतेय, माझं सगळं केलंस, सुखी राहा.

"सांगितलं होतं की," तो म्हणाला आणि भराभर चालायला लागला. दुकानात शिरल्यावर दिवा लावायच्या आधी त्याने खिळे ओठांत धरले.

कागद चार-पाच दिवस कपाटावर पडून राहिला. मग एका सकाळी त्याने तो स्वतःच काढला, पुन्हा वाचला, बायकोला समोर बसवून मोठ्याने वाचला, एकही ओळ न गाळता, आणि सही केली. खाली साक्षीदाराची जागा होती. तिथे बायकोने केली.

ऑपरेशन नीट झालं. गाठ सबंध निघाली, हाड वाचलं. नस मात्र दाढेच्या मुळाला चिकटलेलीच होती, डॉक्टरणीने जपून सोडवली तरी दुखावली. हे तिने दोघांनाही सांगितलं, उजेडात बसून, मास्क काढून. म्हणाली, वाट बघू. सूज उतरली, टाके गेले, फ्रेमवाला जेवायला लागला. डावा ओठ आणि हनुवटी मात्र दुसऱ्या कोणाची असावी तशी राहिली. पण बोलणं चालू होतं. पहिल्याच दिवशी त्याने चाचरत "पाणी" म्हटलं आणि बायकोने पेला पुढे केला, तेव्हा त्याने निःश्वास सोडला, तो शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही ऐकू गेला असेल.

दुकान सुरू झालं. बायकोने खिळ्यांची वाटी काढून टाकली आणि एका डब्याचं पसरट झाकण टेबलाच्या उजव्या कडेला ठेवलं, खिळे हाताने घेता यावेत म्हणून. काम रखडत होतं. एका दुपारी, आसपास कोणी नाही असं बघून, त्याने सवयीने चिमूटभर खिळे ओठांत टाकले.

उजवीकडचे कळत होते. डावीकडे काहीच नाही. दोन ठोकले, तिसऱ्यासाठी जीभ फिरवली तर खिळा सापडेना. त्याने उरलेले हातात थुंकले. एक कमी होता. टेबलावर नाही, मांडीवर नाही, खाली नाही. घशात काही टोचतंय का? टोचतंय असं वाटलं, नाही असंही वाटलं.  तो आरशाकडे धावला, आ करून आत बघावं म्हणून, आणि पाहतो तर खिळा त्याच्याच खालच्या ओठाला डावीकडे चिकटलेला, सगळ्या जगाला दिसेल असा. फक्त त्याला पत्ता नव्हता.

आरशात मागे बायको उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

ती पुढे आली, तिने दोन बोटांनी खिळा उचलला आणि झाकणात टाकला. ओरडली नाही. त्याला स्टुलावर बसवलं, कामाचा दिवा त्याच्या चेहऱ्यावर वळवला आणि समोर बसली.

"आई शेवटी काय म्हणाल्या होत्या?"

त्याचा हात झाकणाकडे गेला. बोटं खिळ्यांना लागली आणि तिथेच थांबली. आता त्यात लपण्याची सोय नव्हती. त्याने हात मागे घेतला.

"आई म्हणाली," तो म्हणाला. निम्म्या ओठाचा भरवसा नव्हता, म्हणून एकेक शब्द सावकाश काढावा लागत होता. "म्हणाली, या बहिरीपायी तुझा जन्म वाया गेला."

बायकोने मान हलवली. "बरोबर."

"बरोबर म्हणजे?"

"त्या दिवशी त्यांची कवळी मीच घातली होती. कवळी असली की त्यांचं पुष्कळ कळायचं मला."

फ्रेमवाला तिच्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं. सणकून लाज वाटली त्याला, आणि लाजेखाली कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. "मग मी सांगितलं ते..."

"ते चांगलं होतं. त्या जे म्हणाल्या ते आणि तुम्ही जे सांगितलंत ते, दोन्ही माझ्यासमोर होतं. मी तुमचं ठेवून घेतलं." तिने टेबलावरचा लाकडाचा भुसा हाताने गोळा केला. "पण ते मी बघून निवडलं. ओठाचं तुम्ही मला बघूच दिलं नाहीत. पुन्हा असं करायचं नाही."

"नाही करणार." मग त्याने विचारलं, "इतक्या वर्षांनी मुद्दाम का विचारलंस?"

"तुम्ही सांगता का, ते बघायचं होतं."

ती उठायला लागली. त्याने तिचं मनगट धरलं, दिव्याकडे तोंड केलं आणि काहीतरी बोलला. ओठ हलला की नाही, त्याला कळलं नाही. तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं, मग त्याच्याच खिशातला रुमाल काढून हनुवटीवरची लाळ पुसली, तीही त्याला जाणवली नव्हती.

"काय म्हणालात?"

"वाया गेला नाही म्हटलं. माझा जन्म."

"पुन्हा सांगा," बायको म्हणाली. "तुम्ही मध्येच मान वळवलीत."

त्याने मान वळवली नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. त्याने पुन्हा सांगितलं.